उराउरी आण्णा आणि डोक्याची गोळी

आण्णांना नमस्कार करायला माणसं बिचकायची. आपण हात जोडायला जावं, तर जोडलेले हात आपल्याच छातीत रुतून बसायचे, कारण तोवर आण्णांनी आपल्याला कवेत घेतलेलं असायचं. खिशातलं पेन मोडायचं, चष्मा वाकायचा, हातातली भाजीची पिशवी दोघांच्या मध्ये चेंगरून टोमॅटोचा लगदा व्हायचा. नवीन पोस्टमन पहिल्याच दिवशी पार्सलसकट त्या मिठीत सापडला आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचं टपाल आमच्या घरी टाकून जाऊ लागला. "हात जोडायचं ते देवळात. माणसाला छाती लावायची," हे आण्णांचं शास्त्र. उचगावात त्यांचं खरं नाव विचारलं असतं तर कुणाला सांगता आलं नसतं, पण उराउरी आण्णा म्हटलं की शेंबडं पोरही घर दाखवायचं.

आम्ही त्यांच्या शेजारी राहायला आलो तेव्हा मी नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागले होते. माझे वडील, आबा, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत होते. आमचं घर बौद्धांचं आणि गल्ली बहुतेक जैनांची. टेंपोतून सामान उतरत होतं आणि गल्ली आपापल्या दारातून बघत होती. वाईट कुणी बोललं नाही, पण पायरी उतरून कुणी आलंही नाही. आबांना असल्या शांततेची सवय होती. ते खाली मान घालून ट्रंक उचलत होते, तेवढ्यात शेजारच्या दारातून "या की पावणं!" अशी आरोळी आली आणि एक आडदांड माणूस धावत येऊन गल्लीच्या ऐन मध्यावर आबांना ट्रंकेसकट उराउरी भेटला. ट्रंकेचा कोपरा त्यांच्या पोटात घुसला असणार, पण सोडायला तयार नाहीत. त्या दिवशी जेवताना आबा मध्येच थांबून हसले. तेव्हापासून आण्णांना कुणी खुळा म्हटलं की माझं डोकं फिरायचं, आणि ते गेल्याला इतकी वर्षं झाली तरी अजून फिरतं.

धंदा त्यांचा मंडप आणि स्पीकरचा. पंचक्रोशीतल्या लग्नांत मांडव त्यांचा, भोंगे त्यांचे आणि माइकही त्यांच्याच हातात. त्यांच्या अंगात खरं वारं शिरायचं ते व्याहीभेटीच्या वेळी. मुलीचा बाप आणि मुलाचा बाप, दोघांनी सगळ्यांसमोर गळाभेट घ्यायची. काही व्याही लाजरे असत, खांद्याला खांदा टेकवल्यासारखं करून मागं सरत. मग भोंग्यातून सगळ्या गावाला ऐकू जाईल असा आवाज यायचा, "ओ पावणं! पोरगी दिलीया का सायकल भाड्यानं दिलीया? उराउरी भेटा की!" लोक खिदळायचे आणि त्या बिचाऱ्यांना पुन्हा एकदा, हाडं वाजेपर्यंत, भेटावं लागायचं. आण्णांच्या तावडीतून एकही व्याही सुटला नाही.

त्रिशला ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिचं लग्न गडमुडशिंगीच्या बाबगोंडांच्या मुलाशी ठरलं. बाबगोंडा म्हणजे उसाचे शेतकरी, तरुणपणी आखाडा गाजवलेले, दारातून आत येताना दाराची काळजी वाटावी असे. साखरपुड्यात या दोघा व्याह्यांनी एकमेकांना आळीपाळीनं उचलून दाखवलं. "ही तर नुसती रंगीत तालीम हाय," आण्णा सगळ्यांना सांगत सुटले, "लग्नातली व्याहीभेट बघायला या. मांडव हलला पायजे!" लग्न पुढच्या उन्हाळ्यात होतं. मध्ये पावसाळा आला आणि आण्णांना नागीण झाली.

डाव्या बरगडीवर, पाठीपासून छातीपर्यंत पट्ट्यासारखे फोड उठले. नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस खलास, हे गल्लीतल्या प्रत्येकाला पाठ होतं. त्यामुळे रोज सकाळी काकू, म्हणजे आण्णांची बायको, त्यांना हात वर करून उभं करायच्या आणि तोंड कुठवर आलं ते बघायच्या. मग गेरूचा लेप. नागीण एका बाजूचीच असते, ती काही गोल फिरत नाही, हे मी वाचून सांगितलं तर काकू म्हणाल्या, "तुमच्या पुस्तकातली फिरत नसंल बाई, ही उचगावची हाय." असो. फोड सुकले, खपल्या पडल्या आणि गल्लीनं सुटकेचा श्वास घेतला. आबा तर इतके खूश झाले की त्यांनी जन्मात पहिल्यांदा आपणहून कुणाला तरी कवेत घेतलं. त्यासरशी आण्णांनी अशी किंकाळी फोडली की आबा दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत.

कातडी बरी झाली होती, दुखणं मात्र मुक्कामाला राहिलं होतं. "नागीण गेली बाई, पर फणा हितंच ठिवून गेली," आण्णा म्हणायचे. नुसता सदरा अंगाला लागला तरी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. पंख्याचा वारा लागला की ओरडायचे, आणि गंमत म्हणजे जोरात दाबलं तर तेवढं नाही, पण मोराचं पीस फिरवलं तर ब्रह्मांड आठवायचं. मग या मंडपवाल्यानं आपली अक्कल चालवली. दुधाच्या पातेल्यावर झाकायचं जाळीचं गोल झाकण त्यांनी सुतळीनं बरगडीवर बांधलं आणि वरून सदरा घातला. कापड जाळीवर, जाळीच्या आत पोकळी, पोकळीच्या आत आण्णा. एका बाजूनं पोट आल्यासारखे ते गल्लीतून फिरायचे आणि कुणी हात पसरून आलं की तिरके पळायचे. भेटायला आलेली त्यांची सख्खी बहीणसुद्धा उंबऱ्यावरूनच परत फिरली. घरात मांजर नाही म्हणून काकू झाकणावाचून दूध कसंबसं सांभाळत होत्या.

दिवाळी झाली तरी हे चाललंच होतं, तेव्हा मी त्यांना जवळजवळ ओढतच कोल्हापुरात एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी विचारलं, लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का? झाल्या होत्या. मग त्या म्हणाल्या की त्या कांजिण्यांचे विषाणू कुठं गेलेच नव्हते. मणक्याजवळ, नसेच्या मुळाशी इतकी वर्षं झोपून होते, ते आता उठले आणि जाताना नस दुखावून गेले. आण्णांनी मान डोलावली, म्हणजे त्यांना काही कळलं नव्हतं. बाई हुशार होत्या. त्यांनी धंदा विचारला आणि म्हणाल्या, "माइक भोंग्याच्या समोर आला तर काय होतं हो?"

"शिट्टी मारतंय की! घुंईऽऽ करून."

"तेव्हा माइकमध्ये कुणी बोलत असतं का?"

"कुणी न्हाय. आपलं आपणच."

"तसंच झालंय. तुम्हाला कुणी भाजत नाही, कापत नाही. नस नुसतीच शिट्टी मारते आहे."

आण्णा खुर्चीतून उठलेच. "मग याचा व्हॉल्यूम कुटनं कमी करायचा ते सांगा!"

बाईंनी एक गोळी लिहून दिली. रोज रात्री, अगदी थोड्या डोसापासून सुरुवात, मग जमेल तशी वाढवायची. दोन-तीन आठवडे तरी धीर धरायला हवा, मध्येच मनानं बंद करायची नाही. तोंड कोरडं पडेल, झोप येईल. "ही मोठ्या डोसात उदास वाटणाऱ्या माणसांना देतात," असंही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "पण थोडी दिली तर दुखऱ्या नसेलाही शांत करते." आणि उठता उठता म्हणाल्या, "नाहीच भागलं तर मिरचीच्या अर्काचं एक मलम असतं. ते पुढं बघू." हे शेवटचं वाक्य त्या बोलल्या नसत्या तर पुढचं निम्मं रामायण टळलं असतं.

उरलेलं निम्मं घडवलं ते औषधाच्या दुकानातल्या दीडशहाण्यानं. उचगावात येऊन आम्ही चिठ्ठी दिली. त्यानं ती वाचली, आण्णांकडे पाहिलं आणि दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "ही तर डोक्याची गोळी हाय. घरात कुणाचं बिघडलंय?" मी त्याला तिथंच फैलावर घेतलं, पण सुटलेला शब्द काय परत येतो? आण्णांचा चेहरा उतरला. आयुष्यभर माइकवरून जगाची चेष्टा केलेला माणूस, पण स्वतःवर वेळ आली तेव्हा गप्प झाला. "आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला," एवढंच पुटपुटले, आणि घरी जाऊन त्यांनी गोळ्यांची पट्टी अॅम्प्लिफायरच्या मागं सरकवून दिली. हे आम्हाला नंतर कळलं.

गोळी नको, तर उरली मिरची. मी शाळेत गेलेली बघून आण्णा आमच्या आईकडे वाटी घेऊन आले. "वैनी, जरा चटणी द्या. कांदा-लसणाची."

आई चकित झाली. त्यांच्या घरात कांदा-लसूण उंबऱ्याच्या आत येत नसे. "आण्णा, तुमच्यात चालतीया व्हय?"

"खायला न्हाय वो, लावायला. डॉक्टरनं मिरचीचं मलम सांगितलंय."

"मग तुमच्या घरातली मिरची घ्या की."

"ती सात्विक हाय वैनी. दुखणं काय सात्विक न्हाय."

हे आईला पटलं, यावरून आमच्या घराचीही कल्पना यावी. तिनं वाटी भरून दिली, वर तेल सोडलं. घरी काकूंनी हरकत घेतली ती वेगळीच. "पोटात न्हाय गेली तरी अंगात जाणारच की! नेम मोडतोय," त्या म्हणाल्या. "आगं, कातडीला कसला नेम?" म्हणून आण्णांनी वाटी उलटी केली आणि बोटांनी सगळी बरगडी सारवून काढली.

क्षणभर काही झालं नाही. मग जे झालं ते सगळ्या गल्लीनं पाहिलं. लालभडक उघडं अंग, हातात जाळीचं झाकण, आणि आण्णा बोंबलत कोपऱ्यावरच्या म्हशींच्या हौदाकडे पळतायत. हौदात ते गळ्यापर्यंत बसले. पाणी प्यायला आलेल्या म्हशीनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. डॉक्टरीणबाईंना कळलं तेव्हा त्यांनी आधी कपाळाला हात लावला आणि मग मला बाजूला घेऊन पोट धरून हसल्या. औषधाचं मलम मोजूनमापून केलेलं असतं, मिरची अशी चोळली तर आगीतून निघून फुफाट्यात, हे त्यांनी आण्णांना वहीत लिहून घ्यायला लावावं इतक्या वेळा सांगितलं.

पण बातमीला त्याआधीच पाय फुटले होते. औषधवाल्याची डोक्याची गोळी आणि म्हशीचा हौद, दोन्ही एकत्र होऊन गडमुडशिंगीला पोहोचलं ते असं: उराउरी आण्णाच्या डोक्यावर परिणाम झालाय, गोळ्या चालू हायत, अंगाला चटणी फासून हौदात बसतोय. ध चा मा झाला असता तर खोडून तरी काढता आलं असतं. इथं चटणी खरी, हौद खरा, गोळीही खरी, हीच पंचाईत होती. बाप खुळा तर मुलीचं काय सांगावं, अशी कुजबुज सुरू झाली. त्रिशलाचं अन्नपाणी सुटलं. काकू डोळ्याला पदर लावून बसायच्या. लग्न मोडतंय असं सगळे धरूनच चालले होते, आणि आण्णा अंगणात एकटे बसून माइक पुसत राहायचे. ते दिवस मला आवडत नाहीत आठवायला.

आणि एका सकाळी बाबगोंडा न सांगता आले. मी शाळेला निघाले होते, काकूंनी हाताला धरून आत ओढलं. "बाई, तुमी हितंच थांबा. तुमाला बोलता येतंय."

बाबगोंडांनी दारातच हात पसरले. ती परीक्षा होती की सवय, देव जाणे. आण्णा टुणकन उडी मारून भोंग्यांच्या ढिगामागं गेले. बाबगोंडांचे हात तसेच हवेत राहिले.

"पावणं," ते सावकाश म्हणाले, "तुमच्या डोक्याचं काय हाय ते एकदा सरळ सांगा. मी ऐकीव गोष्टीवर सोयरीक मोडत न्हाय."

आण्णांनी नुसती सदऱ्याची बटणं काढली. बाबगोंडांनी बराच वेळ त्या जाळीच्या झाकणाकडं पाहिलं. मी पुढं होऊन सगळं सांगितलं, कांजिण्यांपासून माइकच्या शिट्टीपर्यंत. चटणीपाशी माझा आवाज जरा अडखळला. शेवटी बाबगोंडा म्हणाले, "आमच्या थोरल्या चुलत्याला असंच झालतं. अंगावर पांघरूण घेऊ देत नव्हता. आमी म्हटलं थेरडा नाटकं करतोय." मग आण्णांकडे वळून कडाडले, "गोळी कुटं हाय?"

आण्णांनी अॅम्प्लिफायरकडं बोट केलं.

"रोज घ्यायची. डोक्याची तर डोक्याची! डोकं काय बरगडीपास्नं लांब हाय व्हय? लग्न ठरल्या दिवशी हुईल. भेट न्हाय झाली तरी चालंल, व्याही जागेवर पायजे."

एवढं बोलून त्यांनी काकूंकडे चहा मागितला. त्रिशला तो घेऊन आली तेव्हा निम्मा चहा बशीत होता.

त्या रात्रीपासून गोळी सुरू झाली. तोंडाला कोरड पडून आण्णांचं बोलणं कमी झालं, काकूंच्या मते हा पहिला गुण. दुसरा गुण एका सकाळच्या लग्नात दिसला. गोळी उशिरा घेतल्यामुळे आण्णांच्या डोळ्यांवर झापड होती, आणि मंगलाष्टकांच्या ऐन मध्ये माइक हातात धरूनच ते झोपले. सगळ्या भोंग्यांतून घोरणं सुरू झालं. वऱ्हाडी अक्षता टाकाव्यात की थांबावं या गोंधळात. मग डॉक्टरीणबाईंनी गोळीची वेळ संध्याकाळकडं आणली आणि डोस हळूहळू बसवला. एकदम काही झालं नाही. पण एके दिवशी आण्णा पंख्याखाली बसलेले दिसले. मग केव्हातरी काकूंच्या पातेल्यावर झाकण परत आलं. पुरतं गेलं नव्हतं, तळहाताएवढी एक जागा तशीच चिडकी राहिली होती, ती पुढंही राहिली. "शिट्टी थांबली बाई," आण्णा म्हणायचे, "आता नुसती खरखर हाय."

लग्नाला सगळी पंचक्रोशी लोटली ती व्याहीभेट बघायला. ज्यांना ज्यांना आण्णांनी भोंग्यावरून छळलं होतं ते सगळे व्याही पुढच्या रांगेत येऊन बसले होते. माइक त्या दिवशी आबांकडं. आबांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "आता व्याहीभेट." बाबगोंडा आले, आण्णांच्या उजव्या बाजूला वळले, आणि गव्हाचं पोतं फुटेल की काय अशा काळजीनं त्यांनी एका हातानं त्यांचा उजवा खांदा कवेत घेतला. मांडवात खसखस पिकली. मागून कुणीतरी ओरडलंच, "ओ पावणं, सायकल भाड्यानं दिलीया काय?"

बाबगोंडांनी आबांच्या हातातला माइक ओढून घेतला. "गप बसा रं! डावी बाजू रिपेरीला हाय!"

हशानं मांडव खरोखरच हलला. आण्णा सगळ्यांत मोठ्यानं हसत होते.

संध्याकाळी पाठवणी. फुलं लावलेली ट्रॅक्स गाडी दारात उभी होती. त्रिशला सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली, काकूंच्या, आईच्या, माझ्या. आण्णांपाशी आली तेव्हा मात्र थांबली. त्या पोरीनं जवळजवळ वर्षभर बापाला पाण्याचा तांब्यासुद्धा हात लांब करून दिला होता, चुकून पदर लागू नये म्हणून. तिनं तसंच अंतर ठेवून, वाकून नमस्कार केला आणि गाडीकडं वळली.

"आगं," आण्णा म्हणाले, "उजवीकडनं ये की."

ती पळत आली. पण रडणाऱ्या माणसाला कुठलं उजवं आणि कुठलं डावं? बापाच्या डाव्या बरगडीवरच तिनं डोकं घातलं आणि दोन्ही हातांनी घट्ट आवळून धरलं. काकूंनी तिला मागं ओढायला हात पुढं केला, तर आण्णांनी तो बाजूला सारला. त्यांच्या तोंडून आवाज निघाला नाही. कितीतरी वेळ ते तसेच उभे होते.

गाडी गेली. लोक पांगले. मी त्यांच्यापाशी गेले आणि हळूच विचारलं, "आण्णा, दुखलं का हो फार?"

"दुखलं तर!" त्यांनी सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. "पर त्यातलं नागिणीचं कुठलं आन् पोरीचं कुठलं, ते काय कळंना बघा."